वाचकांचे प्रश्न : हांगझोऊ एका दिवसात होईल का?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं शांघायला जातोय. एशियन गेम्सच्या वेळी हांगझोऊचं नाव खूप ऐकलं होतं, आणि तिथलं तळं फार सुंदर आहे म्हणतात. टूरवाला सांगतो सकाळी निघा, बोटीत बसा, चहाचा मळा बघा, रात्री परत या. पुरेल का एवढं? आणि आम्ही शाकाहारी आहोत, जेवणाचं काय?

उत्तर : सगळ्यात आधी तारखा बदला, जमत असेल तर आजच बदला. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, त्याला जोडून जवळजवळ आठवडाभर सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला बाहेर पडतो, त्यात हांगझोऊचं शीहू तळं म्हणजे चिनी माणसाची अगदी आवडती जागा, त्या दिवसांत तिथल्या ब्रोकन ब्रिज नावाच्या पुलावरून तुम्हाला पाणी दिसणार नाही, फक्त डोकी दिसतील. पंधरवडाभर पुढे ढकला. हवाही चांगली असते, ऊन बोचत नाही, आणि ओस्मॅन्थसची बारीक पिवळी फुलं फुललेली असली तर रस्ताभर वास येतो. मार्चचा शेवट ते एप्रिल हाही उत्तम काळ, तेव्हा पीचची झाडं फुलतात. जून-जुलैचा चिकचिकाट मात्र टाळाच.

आता एक दिवस पुरेल का, तर नाही पुरणार. शांघायच्या होंगछिआओ स्टेशनवरून बुलेट ट्रेनने हांगझोऊ ईस्टला तासाभरात पोचता येतं आणि तिथून मेट्रोची लाइन १ पकडून लोंगशिआंगछिआओला उतरलं की तळं पायी काही मिनिटांवर, म्हणून सगळ्यांना वाटतं की जाऊन येऊ. पण या तळ्याची मजा सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा, आणि टूरची बस नेमकी त्या दोन्ही वेळा चुकवते. दोन रात्री राहा, तळ्याच्या जवळ राहा, हॉटेल थोडं महाग पडलं तरी चालेल. किनाऱ्याला फिरायला तिकीट नाही, २००२ पासून ते सगळ्यांना मोकळं आहे, त्यामुळे कितीही वेळा जा.

सकाळी सुडी बांधावरून चाला, दक्षिणेकडून उत्तरेकडे. साधारण २.८ किलोमीटर, मधे सहा दगडी पूल, दोन्ही बाजूंना विलो आणि पीच. हा बांध मुद्दाम शोभेसाठी घातलेला नाही बरं का. १०८९ मधे सु तुंगपो हा कवी इथे अधिकारी म्हणून आला तेव्हा तळ्याचा मोठा भाग गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरून गेला होता, त्याने दरबारात अर्ज करून पैसे मिळवले, माणसं लावून गाळ उपसला, आणि एवढा गाळ टाकायचा कुठे तर त्याचाच तळ्याच्या आरपार बांध घातला. त्याच्या आधी नवव्या शतकात बाय जुयी नावाचा दुसरा कवी इथे अधिकारी होता, त्यानेही शेतीच्या पाण्यासाठी इथे काम केलं होतं. नंतर मिंग राजघराण्याच्या काळात गाळ काढला त्याचं बेट झालं, त्या बेटाजवळ पाण्यात जे तीन छोटे दगडी मनोरे उभे आहेत ते चीनच्या एक युआनच्या नोटेवर मागच्या बाजूला छापलेले आहेत, नोट हातात धरून बघा. म्हणजे ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो ते हजारेक वर्षं लोकांनी उपसून, लावून, जपून ठेवलेलं आहे, नाहीतर केव्हाच दलदल झाली असती. युनेस्कोने २०११ मधे जागतिक वारसा दिला तोही सांस्कृतिक स्थळ म्हणून. मला या जागेचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, आणि हे बसच्या खिडकीतून कळत नाही हो.

जेवणाचं सांगते. नुसती भाजी मागितली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा मटणा-चिकनच्या पाण्यात शिजवलेली असू शकते, म्हणून मांस, मासे, अंडं, चरबी, सूप काहीच चालत नाही असं चिनीत लिहिलेलं फोनमधे ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. बौद्ध देवळांच्या आसपास शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, तिथे परंपरेने कांदा-लसूणही घालत नाहीत. टोफू आणि बांबूचे कोंब खाऊन बघाच.

प्रश्न : तिथे भारताशी संबंधित काही बघण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे, आणि लोक घाईत ते सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. लिंगयिन मंदिर चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने स्थापन केलं असं परंपरा सांगते. मंदिरासमोरचा डोंगर बघून तो म्हणाला की हे तर आमच्याकडचं गृध्रकूट, इकडे उडून कसं आलं? राजगीरचं गृध्रकूट, जिथे बुद्धाने उपदेश केला ते. म्हणून त्या डोंगराचं नाव फैलाय फंग, उडून आलेला डोंगर. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आणि हा एकटा चुनखडीचा, त्यामुळे तो खरंच वेगळा दिसतो. कड्यावर आणि गुहांमधे दहाव्या ते चौदाव्या शतकातल्या शेकडो बौद्ध मूर्ती कोरलेल्या आहेत, त्यातला पोट सुटलेला हसरा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, सगळ्यांना आवडतो. सकाळी लवकर जा, निदान अर्धा दिवस द्या.

प्रश्न : लेईफंग पॅगोडा नवीन बांधलेला आहे असं वाचलं, मग बघावा का?

उत्तर : बघा, पण कशासाठी ते ठरवून. मूळचा दहाव्या शतकातला, लोक शुभ म्हणून त्याच्या विटा काढून नेत राहिले आणि १९२४ मधे तो कोसळला. आत्ताचा २००२ चा आहे, आत जुने अवशेष जपलेत. पांढऱ्या नागिणीला याच पॅगोडाखाली कोंडलं होतं ही लोककथा तिकडे पोराबाळांना माहीत असते, ती वाचून जा. सूर्यास्ताला वरून तळं छान दिसतं.

प्रश्न : व्हिसा, पैसे, फोन?

उत्तर : भारतीयांना पर्यटन व्हिसा लागतो, आधीच काढा, २४० तासांची ट्रान्झिटवाली व्हिसामुक्त सवलत आपल्या पासपोर्टला नाही. अलीपे हे पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून त्यात कार्ड जोडून ठेवा, तिकडे चहाच्या टपरीवरही क्यूआर कोडच चालतो. थोडी रोकड असू द्या. गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. ट्रेनचं तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं, साधारण दोन आठवडे आधी विक्री सुरू होते, आणि स्टेशनात शिरताना मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही.