पेट स्कॅननंतर आईला किती दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं? घरात दोन लहान मुलं आहेत

दिवस नाही हो, तास विचारा. प्रश्न वाचून डोकंच फिरलं, तुमच्यावर नाही, आमच्या दादावर.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आईचा पेट स्कॅन झाला, लिम्फोमासाठी (लसीका ग्रंथींचा कॅन्सर). सोबत मी गेलो, दादा घरी. सहा तास उपाशी, शुगर चेक झाली, मग टेक्निशियन मुलगी सिरिंज घेऊन आली ती जाडजूड धातूच्या नळकांड्यात घातलेली. आई म्हणते, "अगं एवढीशी सुई आणि तिला एवढं चिलखत?" बरोबर १० वाजता इंजेक्शन दिलं, मिनिटासकट वेळ लिहून घेतली. मग तासभर एकटीला आडवं करून ठेवलं, बोलायचं नाही, मोबाईल नाही, तोंडातली लवंगसुद्धा थुंकायला लावली, कारण जो स्नायू काम करतो तो साखर ओढतो, चघळत बसलं की जबडाच फोटोत उजळून निघतो. आमची आई तासभर गप्प, हेच मोठं नवल.

तर हे इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा एफडीजी. साखरच, फक्त एका जागी किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ बसवलेला. पेशी साखर समजून आत घेते आणि मग पुढं तिला ते पचवता येत नाही, तिथंच अडकून पडतं. कॅन्सरच्या पेशी हावरट, म्हणून तिथं जास्त साठतं. (टीबीच्या गाठीपण अशाच चमकतात, त्यामुळं रिपोर्टमध्ये काही दिसलं की लगेच रडारड करू नका, आपल्याकडं टीबी काय कमी आहे का.) आम्ही गेलो तिथं सायक्लोट्रॉन (हा फ्लोरीन बनवणारं यंत्र) नव्हता, डोस बाहेरून गाडीनं येतो. उशिरा येणाऱ्या पेशंटवर ते लोक खेकसतात ते बरोबरच आहे, बाटलीतला माल बसल्या जागी संपत असतो.

आता घरी आलो तर दादानं मागच्या खोलीत खाट टाकून ठेवलेली. ताट, वाटी, तांब्या वेगळा, ओळखू यावं म्हणून ताटाच्या मागं वहिनीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. पोरांना ताकीद, आजीजवळ जायचं नाही. किती दिवस? तर आठ. का? तर शेजारच्या काकूंना थायरॉइडसाठी आयोडीन दिलं होतं तेव्हा त्यांना वेगळं ठेवलेलं. अरे पण ते आयोडीन-१३१, त्याची हाफ लाइफच (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ८ दिवस, आणि तो गाठ जाळायला दिलेला उपचाराचा डोस! फ्लोरीन-१८ ची हाफ लाइफ ११० मिनिटं. मिनिटं!! आणि आमचा दादा बीएस्सी फिजिक्स.

मी कॅलेंडरच्या मागं हिशोब करून दाखवला. १० ला इंजेक्शन, रात्री ९ ला आपण जेवायला बसलो, म्हणजे ६६० मिनिटं, बरोबर सहा हाफ लाइफ, उरला ६४ वा भाग. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला तेरा हाफ लाइफ होऊन गेल्या, आठ हजारातला एक भागपण उरला नाही. शिवाय लघवीवाटे गेला तो वेगळाच. तर दादा म्हणतो, "नवीन टेक्नॉलॉजी आहे, पुढं काय होईल कुणी सांगावं." नवीन? अमेरिकेत १९७६ साली माणसाला एफडीजी दिलंय, आपल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला मेडिकल सायक्लोट्रॉन आला २००२ मध्ये. दादाचा मोबाईल यापेक्षा नवीन आहे, तो बरा उशाशी घेऊन झोपतो.

आई काही बोलली नाही, मुकाट्यानं चार दिवस त्या खोलीत राहिली. चौथ्या दिवशी धाकटी दाराच्या फटीतून विचारत होती, "आजी, तू अजून चमकतेस का गं?" तेव्हा मी खाट उचलून बाहेर आणली आणि जे भांडण झालं ते झालं.

तुम्ही एवढंच करा. स्कॅननंतर आईंना भरपूर पाणी प्यायला लावा, फ्लश दोनदा, हात नीट धुवायचे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारक्यांना मांडीवर देऊ नका, घरात कोणी गरोदर असेल तर तिनंही चिकटून बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नेहमीसारखं. वेगळी भांडी वगैरे काही लागत नाही.

हां, आणि मी डॉक्टर नाही, आयटीआयमध्ये शिकवतो. हे सगळं एफडीजीबद्दल. गॅलियम-६८ वाला स्कॅन असेल तर त्याची हाफ लाइफ अजून कमी, ६८ मिनिटं. पण झिरकोनियम-८९ सारखे तीन-तीन दिवसांच्या हाफ लाइफचेपण ट्रेसर (म्हणजे स्कॅनसाठी टोचतात ते किरणोत्सर्गी औषध) असतात, त्यामुळं नक्की कोणतं देणार ते सेंटरला आधी विचारा आणि ते सांगतील तेच पाळा. घरातल्या बीएस्सीवाल्याला विचारू नका.

ते ठिपक्याचं ताट अजून आमच्याकडं आहे. दादा जेवायला आला की मी त्याला त्यातच वाढतो, अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.