मोरोक्कन पुदिना चहा घरी केला की कडू का होतो? आणि तो एवढ्या उंचावरून का ओततात?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. कामानिमित्त मी कासाब्लांकात राहिलो आहे आणि शेजारच्या घरांत हा चहा होताना बराच बघितला आहे.

कडूपणा पुदिन्याचा नसतो, पत्तीचा असतो. मोरोक्कोत चीनमधून येणारी 'गनपावडर' ही हिरवी पत्ती वापरतात. पानं वळून तिच्या घट्ट बारीक गोळ्या केलेल्या असतात. ग्रीन टीच्या पुड्या बुडवून हा चहा होत नाही, तो नाद सोडा. या गोळ्या आधी धुवाव्या लागतात आणि सगळी मेख त्या धुण्यात आहे.

पाऊण लिटरच्या किटलीत एक मोठा चमचा पत्ती घ्या. त्यावर पेलाभर उकळतं पाणी ओता, मिनिटभर अजिबात हलवू नका, आणि ते पाणी एका पेल्यात काढून ठेवा. फेकू नका! तिथे त्याला चहाचा आत्मा म्हणतात. आता पुन्हा थोडं उकळतं पाणी घालून किटली गोल गोल फिरवा. या वेळी निघेल ते गढूळ आणि तुरट असेल, ते मोरीत. घरी करणारे बहुतेक जण एकतर धुतच नाहीत, नाहीतर पहिलंच पाणी ओतून देतात. मग वास जातो आणि तुरटपणा तेवढा उरतो. धुतलेल्या पत्तीवर ते राखून ठेवलेलं पाणी परत घाला, किटली उकळत्या पाण्याने भरा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. किटली धातूची लागते ती यासाठी. चिनी मातीची असेल तर एवढं काम पातेल्यात उरका.

पुदिना गॅस बंद केल्यावरच घालायचा. उकळलात तर पानं काळवंडतात आणि चहाला शिजलेल्या पालेभाजीसारखी चव येते. दोन-चार पानांनी भागत नाही, चांगली जुडी लागते, कोवळ्या देठांसकट. ती चमच्याने पूर्ण पाण्याखाली दाबा. मेकनेसच्या पुदिन्याचं तिथे नाव आहे, पण आपल्या मंडईतला ताजा पुदिनाही चालतो. पेपरमिंट मात्र नको, त्यातलं मेंथॉल चहावर कुरघोडी करतं.

साखर पाच-सहा मोठे चमचे. हो, एवढी! कमी घालून करता येतो, पण मग पत्तीचा तुरटपणा पुन्हा डोकं वर काढतो. तिथे साखरेचे शंकूच्या आकाराचे दोन-दोन किलोचे ठोकळे मिळतात. छोट्या हातोडीने त्यांचे तुकडे पाडतात. लग्नाला जाताना आणि दुखवट्यालाही लोक हा ठोकळा घेऊन जातात.

साखर ढवळायला चमचा वापरत नाहीत. एक पेला भरायचा, परत किटलीत ओतायचा, असं दोन-तीनदा. मग यजमान घोटभर चाखून बघतो आणि पाहुण्यांसमोरच ओततो. किटली पेल्याला जवळ धरून सुरुवात करायची आणि ओतता ओतता हात वर न्यायचा. त्यामुळे चहा जरा निवतो आणि वर फेस धरतो. फेस नसलेला पेला पाहुण्यापुढे ठेवणं कमीपणाचं मानतात. उंचावरून ओतण्यात थोडी ऐट असते, नाही असं नाही. पेला काठोकाठ भरायचा नसतो. त्याला कान नसतो, तो वरच्या काठाला धरावा लागतो, आणि भरलात तर बोटं भाजतात.

आता जरा विषयांतर. ही परंपरा हजार वर्षांची असल्याचं सांगणारे भेटतील. वनस्पतींचे काढे तिथे जुनेच, पण चहा सर्वसामान्यांच्या घरात शिरला तो एकोणिसाव्या शतकात. क्रिमियन युद्धामुळे (१८५३–५६) इंग्रज व्यापाऱ्यांचं पूर्व युरोपातलं गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा त्यांनी चिनी पत्तीचा साठा टँजियर आणि मोगादोर (आजचं एस्सौइरा) या बंदरांत खपवला. त्याआधी चहा मुख्यतः सुलतानाच्या दरबारातली आणि श्रीमंतांची चैन होती.

थंडीत पुदिना महाग आणि मलूल मिळतो, तेव्हा तिथे 'शिबा' म्हणजे दवण्याच्या कुळातली एक करड्या पानांची वनस्पती घालतात. ती चांगलीच कडू असते, एखादी काडी पुरते. तुम्ही तिच्या वाटेला लगेच जाऊ नका.

आणि एका पेल्यावर उठायचं नाही, यजमानाला ते लागतं. पत्ती तीच ठेवून ताजा पुदिना, साखर आणि उकळतं पाणी घातलं की दुसरी फेरी तयार होते. ती पहिलीपेक्षा जरा सौम्य असते, आणि मला तीच जास्त आवडते.