रात्रीच्या फेऱ्या

प्रश्न : वय ६२. बीपीची गोळी चालू आहे. दिवसभर दुकानात उभा असतो, संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठतात. रात्री तीनदा लघवीला उठतो. किडनी बिघडली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धं उत्तर तुमच्या मोज्यांतच आहे. दिवसा पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि एक हार्मोन सोडतात. किडनीला निरोप जातो : मीठ-पाणी बाहेर काढ. रक्तदाब चढा असला, तरीही किडनी हेच करते. लघवी रोखणारं दुसरं हार्मोन, व्हॅसोप्रेसिन, तेही उतारवयात रात्री कमी पडतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असून ती रात्री घेता का, डॉक्टरांना विचारा; मनानं बंद करू नका. साखर, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं प्रथिन, आणि प्रोस्टेट ग्रंथी तपासून घ्या. आणि हो, रात्रीच्या लोणच्यातलं मीठ?