दुपारी दीड वाजता घरी कोण असेल?

माझ्या मैत्रिणीच्या लेकीला,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला. तीन फोटो, तीन नावं – पग, जॅक रसेल टेरिअर आणि ‘टीकप पॉम’ – आणि खाली एकच ओळ : ‘मावशी, फुल टाइम नोकरीवालीसाठी यातलं कोणतं?’ फोनवर बोलायला घेतलं की दोन मिनिटांत तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी तूच मला एक सांग. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी दीड वाजता तुझ्या वाकडच्या घरात काय चाललेलं असतं? तू हिंजवडीला फेज थ्रीमध्ये. घराला कुलूप, पडदे ओढलेले, फ्रीजची घरघर तेवढी चालू. सकाळी साडेनऊला लागलेलं ते कुलूप भूमकर चौकातली गर्दी पार करून तू आलीस की साडेसातला निघतं. म्हणजे दहा तास. तुझ्या मनातलं चित्र सकाळचं आणि रात्रीचं आहे. मांडीवर येऊन बसलेलं, दारात शेपटी हलवणारं. कुत्र्याच्या वाट्याला मात्र मुख्यतः ती दुपार येणार आहे. जात कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मला कसं कळलं ते तुझ्या आईला ठाऊक आहे, तुला नसेल. १९९६ साली मी बँकेत होते, शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राहत होते. त्या काळी पुण्यात गल्लोगल्ली पांढरे ‘पॉमेरेनियन’ दिसायचे. (त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ असत, पण सगळे पॉमच म्हणायचे.) मीही एक आणला. जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू. नाव कापूर. सकाळी दूध-पोळी घालायची, वर्तमानपत्र पसरायचं, दार लावून जायचं. संध्याकाळी सहाला आले की तो वेड्यासारखा नाचायचा आणि मला वाटायचं, किती आनंदी आहे.

चार महिन्यांनी शेजारच्या आजींनी जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, “अगं, तो दुपारभर रडतो. तुला सांगायचं जिवावर येत होतं.” मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दोन वाजता आले आणि दाराबाहेर पायरीवर बसले. चाळीस मिनिटं बसले होते मी. तो मधे थांबायचा तो फक्त दम घ्यायला. दार उघडल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं : दाराच्या आतल्या बाजूचा खालचा सगळा रंग नखांनी खरवडून काढलेला होता. रोज तेच दार उघडत होते, पण कधी खाली बघितलं नव्हतं.

महिनाभरात कापूरला साताऱ्याला माझ्या भावाकडे पोचवलं. तिथे वाडा, माणसं, सतत कुणीतरी घरात. तेरा वर्षं जगला तो, आणि छान जगला. मी जायचे तेव्हा ओळखायचा, पण मी निघाले की वहिनीच्या पायाशी जाऊन बसायचा. ते बरोबरच होतं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती ही, की पिल्लू आणू नकोस. कुठल्याच जातीचं नको. लहान पिल्लाला शू किती तास धरता येते याचा ढोबळ हिशेब आहे : वय जितके महिने, त्यात एक मिळव. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे फार तर तीन तास. दिवसाला तीन-चार वेळा खायला लागतं. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, आणि तोवर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. एकटं राहायला शिकायचं, जगाची ओळख करून घ्यायची, चावू नये ते चावायचं नाही हे कळायचं, ते सगळं नेमकं याच महिन्यांत. ते शिकवायला घरात माणूस लागतं. तुझ्या घरात ते नाही, यात तुझा काही दोष नाही, पण ते नाही हे खरं आहे.

तुझ्यासाठी मोठा कुत्रा. तीन-चार-पाच वर्षांचा. वयात आलेला, स्वभाव ठरलेला, शी-शूची शिस्त लागलेला. असा कुत्रा दिवसाचा अर्धा भाग तसाही झोपून काढतो. त्याचं तोंड बघून नव्हे, स्वभाव बघून निवडता येतं. पिल्लाच्या बाबतीत आपण फक्त आशा करतो. निवृत्त व्हायच्या आठ वर्षं आधी माझ्याकडे बकुळ आली ती अशीच. ल्हासा अप्सो जातीसारखी दिसणारी, पाच वर्षांची, मालक परदेशी गेले म्हणून मागे राहिलेली. पहिला आठवडा दाराकडे बघत बसली. मग तिला कळलं की ही बाई जाते आणि येते. पुढची आठ वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, मी घरी नसताना ती दुपारी निवांत झोपली. मला खात्री आहे, कारण तेव्हा मी जुन्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायचे. कापूरने शिकवलेलं विसरले नव्हते.

अशी मोठी, लहान चणीची कुत्री मिळतात. नोकरी बदलली, लग्न झालं, बाळ आलं, घर बदललं की लोक सोडून देतात. शिट्झू, पग, पॉम, आणि कितीतरी धड कुठल्याच जातीची नसलेली. कुठल्याही प्राणी निवाऱ्यात किंवा घरी कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे चौकशी कर. आपल्या गावठी कुत्र्यांतही बारीक, दहा-बारा किलोच्या माद्या असतात. अंगावर केस कमी, उन्हाला काटक, पोट मजबूत. त्यांना फिरणं मात्र जास्त लागतं आणि परक्या माणसाशी जुळायला वेळ लागतो.

आता तुझी तीन नावं. जॅक रसेल आधी काढून टाक. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात एका पाद्र्याने कोल्ह्यांना बिळातून हुसकावून काढायला तयार केलेली ही जात. आकार मांजराएवढा, अंगात दिवसभर पळायची रग. बंद वन बीएचकेमध्ये तो तुझा सोफा उकरेल आणि त्याचं काहीच चुकलेलं नसेल.

‘टीकप’ नावाची जातच नाही. ते विक्रीसाठी लावलेलं लेबल आहे. अती बारीक पिल्लं करायची म्हणून अशक्त जिवांची वीण केली जाते. हाडं ठिसूळ, गुडघ्याच्या वाट्या सरकणाऱ्या, आणि एक वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरू शकते. नोकरीवालीच्या घरात असा जीव म्हणजे रोजची धाकधूक.

पगबद्दल सांगताना वाईट वाटतं, कारण स्वभावाने त्याच्याइतका गोड कुत्रा कमी. पण कुत्रा घामाने थंड होत नाही, धापा टाकून होतो, आणि पगचं नाक इतकं दाबलेलं की श्वास घेणं हेच त्याला काम असतं. आता तुझं घर आठव. पश्चिमेची बाल्कनी. मे महिना. गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज बंद. पंखा थांबलाय, खिडक्या लावलेल्या आहेत आणि तू फेज थ्रीला. असे दोन-तीन तास पगच्या जिवावर बेतू शकतात. शिट्झूचं नाकही आखूडच, म्हणून हीच काळजी थोड्या फरकाने त्यालाही; शिवाय रोज केस विंचरायचे. पण शिट्झू मुळात चिनी राजवाड्यात मांडीवर बसायला वाढवलेला. भुंकणं बेताचं, पळापळ कमी. इन्व्हर्टर असेल, घर हवेशीर असेल आणि केस बारीक कापून ठेवणार असशील तर वयस्क शिट्झू तुला जमेल. ल्हासा अप्सो तिबेटी मठांत आतला पहारेकरी म्हणून असायचा. तुमच्या मजल्यावर दिवसभर डिलिव्हरीवाले येतात, तो प्रत्येकाची दखल घेणार. डॅक्सहुंडची पाठ लांब, मणक्याचं दुखणं लवकर मागे लागतं, आणि तू तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद. नको.

जातींचं इतकंच. आता परत दुपारकडे येते.

दहा तास सलग एकटं कुठल्याच कुत्र्याला ठेवू नये. मोठा, शांत कुत्रा पाच-सहा तास आरामात काढतो. म्हणजे मधे एकदा दार उघडणारं माणूस हवं. ते कुत्रा आणण्याआधी ठरव, आणल्यावर नाही. तुझ्याकडे काम करणाऱ्या मावशी सकाळऐवजी दुपारी एकला येऊ शकतील का? कुत्र्याला खाली नेऊन आणायचं काम त्यांच्या आनंदाचं असेल तरच सांग, आणि त्याचे वेगळे पैसे दे, भांड्यांच्या पैशांत घुसवू नकोस. तळमजल्यावरचे ते निवृत्त काका, ज्यांचा लॅब्रेडॉर गेल्या वर्षी गेला, त्यांना विचार. त्यांना पुन्हा कुत्रा पाळायचा धीर होत नसेल, पण दुपारी अर्धा तास कुणी सोबतीला आलं तर हवंच असेल. नाहीतर पैसे देऊन फिरवून आणणारी मुलं मिळतात, डे-केअर मिळतं. महिन्याला काही हजार जातात. तो खर्च परवडत नसेल आणि माणूसही मिळत नसेल, तर सध्या कुत्रा आणायचा नाही. हे मी प्रेमाने सांगते आहे, पण ठामपणे.

अजून एक कर. उद्यापासून एकवीस दिवस सकाळी सहाला उठून अर्धा तास आणि रात्री आल्यावर अर्धा तास चालून ये. कुत्र्याशिवाय. पावसातही, पाळीच्या दिवशीही, रिलीजच्या आठवड्यातही. जमलं तर मला सांग. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हीसुद्धा क्रूरताच धरली आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

कुत्रा घरी येईल तेव्हा लोक हमखास एक चूक करतात. पंधरा दिवस रजा काढतात, चोवीस तास त्याला चिकटून राहतात आणि सोळाव्या दिवशी सकाळी अचानक नाहीसे होतात. तू रजा काढ, पण पहिल्या दिवसापासून थोडं थोडं जात जा. किल्ली वाजव, चप्पल घाल, दार ओढ, दहा सेकंदांत परत ये. मग एक मिनिट. मग कचरा टाकून ये, मग भाजी. जाताना निरोपाचा सोहळा नको, आल्यावरही पहिल्यांदा पाणी पी, पर्स ठेव, मग त्याच्याकडे बघ. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात दाबून, फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला दे. चाटण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि चाटता चाटता कुत्रं आपोआप शांत होतं. सकाळी फिरताना त्याला पळवू नकोस, हुंगू दे. एकेका खांबापाशी दोन-दोन मिनिटं लागू देत. नाक दमलं की दुपारी झोप लागते.

घरमालकाची परवानगी लेखी घे, लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच. करार अकरा महिन्यांचा असतो आणि लहान कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक घरासाठी हा प्रश्न तुझ्यासमोर आहे. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. पण भांडत राहण्यापेक्षा शी उचलायची पिशवी खिशात ठेव आणि शेजारच्यांना तुझा नंबर देऊन सांग : “दुपारी रडला तर मला लगेच कळवा, वाईट वाटून घेणार नाही.” मला त्या आजींनी चार महिने आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि इतकं ऐकूनही पिल्लूच घ्यायचं ठरवलंस, तर निदान एवढं पाळ. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखवत नसतील तिथून परत फिर.

बाकी किरकोळ. रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना, पावसाळ्यात गोचीड रोज तपासायचे, लेप्टोची लस डॉक्टरांना विचारून. शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसूण, चॉकलेट यातलं काही पोटात जाता कामा नये, आणि आपली ताप-अंगदुखीची गोळी मनाने कधीही द्यायची नाही. सांगलीला आईकडे जाशील तेव्हा बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते आईशी आत्ताच बोलून ठेव. दिवाळीत चार दिवस तो माझ्याकडे राहील, ते माझ्याकडे लागलं.

या रविवारी चारच्या सुमाराला ये. गेल्या महिन्यापासून माझ्याकडे एक चार वर्षांची मादी सांभाळायला आहे; लहानशी, तांबूस, कान अर्धे पडलेले, जात विचारू नकोस. दुपारी मी मुद्दाम चार-पाच तास बाहेर जाते तेव्हा ती काय करते, त्याची रेकॉर्डिंग काढून ठेवली आहेत. ती आपण दोघी बसून पूर्ण ऐकू. तिला लगेच हात लावायला जाऊ नकोस. जमिनीवर बस आणि ती येईपर्यंत थांब. बिस्किटं आणू नकोस, तिचं पोट सध्या बिघडलंय.

तुझी,
मावशी