फोटोशॉप ‘किती येतं’ हे कसं ठरवायचं?

प्रश्न : मी इचलकरंजीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत काम करते. पासपोर्ट फोटो, लग्नाच्या अल्बमची पानं, थोडं रिटचिंग (फोटोतले डाग-दोष काढणं) असं काम असतं. बाकी सगळं यूट्यूबवर शिकले. पुण्यातल्या एका कंपनीत साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो एडिट करायची जागा निघाली आहे. अर्जात विचारलंय, ‘फोटोशॉप : १० पैकी किती?’ मैत्रीण म्हणते, बिनधास्त ९ लिही. मोठ्या रिटचरचं काम पाहिलं की मला २ लिहायचीही लाज वाटते. बाबा कापड दुकानात आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही. काय लिहू?

उत्तर : ९ लिहू नकोस आणि २ही लिहू नकोस. पहिला आकडा मैत्रिणीच्या उत्साहातून आलाय, दुसरा परक्याचं काम बघून. तुझं स्वतःचं काम समोर ठेवून यातला एकही काढलेला नाही.

आधी एक भीती काढून टाक. सगळं फोटोशॉप कुणालाच येत नाही. १९९० साली ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात लेअरसुद्धा (फोटोवर एकावर एक ठेवता येणारे वेगवेगळे थर) नव्हते, ते १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तेव्हापासून त्यात भर पडतच गेली आहे. अल्बम करणारा, वर्तमानपत्रात फोटो नीट करणारा आणि कॅटलॉगवाला हे तिघंही आपापल्या कामापुरता भाग वापरतात. त्यामुळे ‘मला किती टूल्स येतात’ हे मोजत बसू नकोस. साडीचा फोटो तुझ्या हातून दुकानात लावण्याजोगा होतो का, एवढंच तपास.

त्यासाठी एक रविवार काढ. स्टुडिओच्या मालकांना तीन फोटो निवडून द्यायला सांग. तू निवडू नकोस, कारण आपण नकळत आपल्याला जमणारेच फोटो उचलतो. एडिट करताना यूट्यूब बंद ठेव. कुठे अडलीस ते कागदावर लिही. ती यादी पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडेल.

पहिलं काम कटआउटचं, म्हणजे मॉडेल मागच्या पार्श्वभूमीपासून कापून वेगळी करण्याचं. मॉडेल पांढऱ्या पार्श्वभूमीवर घे आणि मग खाली तात्पुरता गडद रंगाचा लेअर टाकून २०० टक्क्यांवर बघ. पांढऱ्यावर लपलेली कड गडद रंगावर लगेच उघडी पडते. काठाची सरळ रेघ पेन टूलने (बिंदू जोडत कड आखायचं साधन) बहुतेकांना जमते. पदराचे गोंडे आणि मोकळे केस तिथे हात अडतो. सगळ्यात अवघड ऑर्गन्झा, म्हणजे पातळ, आरपार दिसणारं कापड. त्यातून मागची भिंत दिसते, त्यामुळे नुसती कड कापून भागत नाही. कापडातून डोकावणारा भिंतीचा रंगही काढावा लागतो आणि कापड पारदर्शकही राहावं लागतं. हे जमलं तर तू खरंच वरच्या पायरीवर आहेस. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते बराच सराव झाल्यावर जमतं.

दुसरं काम रंगाचं, आणि इथे तुझे बाबाच परीक्षक. त्यांना फोटोशॉप कळत नसेल, पण रामा आणि मोरपंखी यांतला फरक एका नजरेत कळत असेल. एका साडीचा फोटो दाराजवळच्या उजेडात काढ, एडिट कर, खरी साडी स्क्रीनशेजारी धर आणि त्यांना विचार, ‘हा हाच रंग आहे का?’ गिऱ्हाईक फोटोतला रंग बघून साडी मागवतं आणि रंग वेगळा निघाला की परत पाठवतं. म्हणून कॅटलॉगच्या कामात चकचकीतपणापेक्षा रंग जुळणं जास्त मोलाचं. नुसत्या डोळ्यावर विसंबू नकोस. फोटोतल्या पांढऱ्या भिंतीवर कर्सर नेऊन इन्फो पॅनल (कर्सरखालच्या रंगाचे आकडे दाखवणारी चौकट) बघ. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. लाल २२८ आणि निळा १८० असेल तर फोटोवर पिवळी झाक आहे, मग स्क्रीनवर तो कितीही छान दिसो.

तिसरं चेहऱ्याचं. पुटकुळी जावी, पण त्वचेची बारीक छिद्रं राहावीत. हे काम वेगळ्या रिकाम्या लेअरवर केलंस का, तेही बघ. उद्या कुणी म्हणालं, ‘तीळ परत आणा’, तर तुझ्याकडे लेअरवाली फाइल आहे की फक्त जेपीजी, म्हणजे सगळे लेअर एक होऊन बनलेला फोटो? नोकरीत हा प्रश्न रोज येतो. स्टुडिओत तू फाइल कशी ठेवतेस हे पत्रात नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय.

२०२३पासून फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयने फोटोचा निवडलेला भाग भरून देणारं साधन, आलं आहे. ते जरूर वापर, वेळ वाचतो. पण काठावर वापरलंस तर ते साडीत नसलेली नक्षी स्वतःच्या मनाने भरू शकतं. फोटोत कोयरी आणि हातात वेल, असं व्हायला नको. ही चूक तुझ्या नजरेला सापडते का, हीसुद्धा परीक्षाच समज.

आता आकडा. रंग जुळला, सरळ कड स्वच्छ आली आणि फक्त गोंडे-ऑर्गन्झा अडलं, तर ६ लिही. कडेला पांढरी किंवा हिरवी रेघ राहत असेल, तर ४. तुझ्या पत्रावरून माझा अंदाज ५च्या आसपास आहे, पण तू केलेली तपासणी माझ्या अंदाजापेक्षा खरी. आकड्याशेजारी जागा असेल तर एक ओळ जोड : ‘पेन टूलने कटआउट, रंगजुळणी, रिटचिंग येतं, पारदर्शक कापडाचं काम शिकते आहे.’ सोबत त्या तीन फोटोंचे आधीचे-नंतरचे नमुने पाठव, मात्र स्टुडिओच्या गिऱ्हाइकांचे फोटो असतील तर परवानगी घेऊनच.

त्यांनी बोलावलं तर तीन गोष्टी नक्की विचार : दिवसाला किती फोटो करावे लागतात, मूळ फाइल रॉ (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न केलेली) मिळते की जेपीजी, आणि रंग तपासायला खरी साडी समोर असते का. बी.कॉम.चं पुढचं वर्ष कसं पूर्ण करता येईल, हेही रुजू व्हायच्या आधीच बोलून घे.