ज्वालामुखीचा एक्स-रे

प्रश्न : ज्वालामुखीच्या आत काय आहे ते न खोदता दिसतं म्हणे, खरंय का?

उत्तर : हो, खरंय! अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात, तळहातातून दर मिनिटाला शंभरेक जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. घट्ट खडकात ते जास्त अडतात, पोकळीतून आरामात पार होतात, म्हणून डोंगराच्या बाजूला डिटेक्टर, म्हणजे हे कण टिपणारं साधन, ठेवून कुठून किती आले ते मोजायचं. जपानच्या असामा ज्वालामुखीपाशी हिरोयुकी तानाका यांच्या टीमने खास फोटोग्राफिक फिल्म लावून विवराच्या तळाशी साचलेला घट्ट लाव्हा आणि त्याखालचा विरळ भाग टिपला, 2007 मध्ये ते छापून आलं, मला तर हे फार भारी वाटतं. फक्त डिटेक्टरच्या पातळीखालचं काही दिसत नाही, त्यामुळे खोलवरचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, यात सापडत नाही.