अम्मानं जखम का लपवली?

‘मॅडम, मी चुकलो हे कबूल करायला आलेलो नाही. अम्माचं बोट देवीनं घेतलंय. मी फक्त जोक केला होता.’

सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसल्या बसल्या त्यानं हे सांगून टाकलं. वय सत्तावीस, नोकरी पुण्यात, घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील यंत्रमागावर, आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. (त्याच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) ज्या वर्षी दाभोलकरांचा खून झाला, त्या 2013 साली हा शाळेत होता. तेव्हापासून वाचत गेला आणि देव सुटला. त्याबद्दल त्याला ना खंत होती, ना मला काही म्हणायचं होतं.

दरवर्षी कोजागरीच्या आधी सोलापुरातून तुळजापूरची वाट माणसांनी भरून जाते. पंचेचाळीसेक किलोमीटर, बरेचजण अनवाणी, रात्रभर चालत. वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळी. त्याची अम्मा लग्न झाल्यापासून जाते. तिला दहा वर्षांपासून शुगर आहे, हे तो जाणून होता. त्या वर्षी ती निघाली तेव्हा यानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ‘चालायचं आईनं, बिल भरायचं पोरानं. देवी मेडिक्लेम देती का?’ मावसभावांनी हसून घेतलं. अम्मानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. ‘म्हणजे तिनंही हसण्यावारी नेलं,’ असं त्याला वाटलं.

कोजागरी ते लक्ष्मीपूजन साधारण पंधरा दिवस. दिवाळीला तो घरी आला तर अम्मा पायावर चादर घेऊन बसलेली. घरात वास येत होता. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या की फोड आलेला कळत नाही, आणि कळतो तेव्हा तो फोड राहिलेला नसतो. हळद लावून, फडकं बांधून तिनं दिवस काढले होते. करंगळी काढावी लागली.

त्याचा हिशेब सरळ होता. अंधश्रद्धेनं बोट गेलं, आणि मी अजून जोरात हसायला हवं होतं. मी एवढंच विचारलं, ‘पंधरा दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं?’

‘बहिणीला ठाऊक होतं.’

‘मग तुला का नाही?’

यावर तो खिडकीबाहेर बघत बसला.

पुढच्या खेपेला अम्मा आली. तेलुगू वळणाच्या मराठीत, पदर सारखा करत तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. ‘त्याला सांगितलं असतं की मॅडम, तर तो आधी देवीला हसला असता, मग पायाकडं बघितला असता. बहीण नुसती पायाकडं बघती.’ बहिणीनं तरी दवाखान्यात का नेलं नाही, असं मी विचारलं. तर तिला शपथ घातलेली. आईच्या शपथेपुढं एमएस्सी झालेली पोरगीही गप्प बसते, ते असो.

‘मी नास्तिक आहे. घरच्यांच्या भाबडेपणावर हसू नको तर काय करू? गप्प बसणं म्हणजे ढोंगच नाही का?’ हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा कोजागरीला, एकदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या दिवसांत. बहुतेकांना ‘हसा’ किंवा ‘आदर करा’ असं एका शब्दात उत्तर हवं असतं. मी त्याऐवजी विचारते, घरातलं काय काय तुमच्यापर्यंत यायचं थांबलंय? कारण टिंगलीनं श्रद्धा सुटलेली मी फारशी पाहिलेली नाही, ती दाराआड जाते एवढंच. आणि एकटी जात नाही. सोबत दुखणं, कर्ज, भीती असं सगळं घेऊन जाते.

हे मला माझ्याच चुकीनं शिकवलंय. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एक बाई नवऱ्याची दारू सुटावी म्हणून सोळा सोमवार करत होती. ते ऐकून मी हसले, अगदी नकळत. ती परत आली नाही. घरी काय चाललं होतं, ते मला कळायचं राहिलंच.

मुलगा वाद घालण्यात तयार होता. ‘गाडगेबाबा टिंगल करायचे ना? नवस, पशुबळी, कर्ज काढून केलेले विधी, सगळ्यांची?’ करायचे. पण आधी दिवसभर त्याच गावाचा रस्ता झाडायचे, मग रात्री कीर्तनात त्याच लोकांच्या तोंडावर बोलायचे. पंढरपुरात वारीला येणाऱ्यांसाठी धर्मशाळाही त्यांनीच बांधली. तू पुण्यातून ग्रुपवर टाकलंस. दाभोलकरांच्या चळवळीनं ज्यासाठी अनेक वर्षं घासली, त्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना वगळलेलं आहे. पकडायचा आहे तो लुबाडणारा.

माझी पद्धत विवेकनिष्ठ वर्तनोपचाराची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. एलिस स्वतः पक्के नास्तिक. सुरुवातीला त्यांनी धार्मिकता म्हणजे जवळजवळ मानसिक अस्वास्थ्यच, अशा थाटात लिहिलं. पुढं त्यांची भूमिका मवाळ झाली, आणि 2001 मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी धार्मिक माणसांच्या समुपदेशनावर पुस्तकही लिहिलं. माणसाला छळतो तो देवापेक्षा ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट. मुलाला मी कागदावर त्याचा हट्ट लिहायला सांगितला. त्यानं लिहिलं, ‘माझ्या आईनं विवेकानं वागलंच पाहिजे.’ वाचून स्वतःच म्हणाला, ‘हे तर नवसासारखंच झालं.’

मध्येच त्यानं विचारलं, ‘तुम्ही मानता का देव?’ मी म्हटलं, ‘सांगितलं तर तू माझ्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायला लागशील. आत्ता अम्माच्या बाजूनं बोल.’ उत्तर टाळल्याचा आरोप त्यानं केला, आणि तो खराही होता.

गप्प बस असं मात्र मी त्याला म्हटलं नाही. ड्रेसिंग चालू असताना शेजारच्या काकू अंगारा घेऊन आल्या, जखमेवर लावायला. अशा वेळी ‘त्यांची श्रद्धा आहे’ म्हणून मान डोलावणं म्हणजे आईला वाऱ्यावर सोडणं. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, ‘काकू, कपाळाला लावा, जखमेला नको. डॉक्टरांनी काहीच लावायचं नाही म्हणून सांगितलंय.’ काकूंनी कपाळाला लावला. पूर्वी तो काय म्हणाला असता, ते त्यानं मला म्हणून दाखवलं. जमलं होतं झकास, पण त्यानंतर काकूंनी अम्माला तो घरात नसताना गाठलं असतं.

अम्मालाही मी एक गोष्ट सांगितली, आणि ती तिला आवडली नाही. पाय वाचवला म्हणून देवीपुढं त्यानं डोकं टेकावं, हा आग्रह तिनं सोडायला हवा होता. ‘टिळा तरी लावू दे की,’ ती म्हणाली. तो ‘नाही’ म्हणाला. त्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.

यंदा कोजागरीला डॉक्टरांनी चालायला मनाई केली. देवीकडं चप्पल घालून कसं जायचं यावर घरात चार दिवस वाद झाला. शेवटी अम्मा एसटीनं तुळजापूरला गेली. मंदिराबाहेर चप्पल काढली, आत गेली, परत आली.

आता रोज रात्री नऊला तो पुण्याहून व्हिडिओ कॉल लावतो आणि तळवे बघतो. एकदा माझ्यासमोरच लावला होता. ‘अम्मा, पाय दाखव.’

‘आधी हात जोड, मग दाखवते.’

‘जोडणार नाही.’

तिनं तेलुगूत काहीतरी शिवी हासडली आणि पाय कॅमेऱ्यासमोर धरला.